आईच्या पेसने ४२ किलोमीटर

ऑक्टोबर २०१९ मध्ये फ्रँकफर्टच्या मॅरेथॉनमध्ये उत्तर आयर्लंडचे टॉमी ह्यूज आणि त्यांचा मुलगा ओवेन धावले. वडील ५९ वर्षांचे, मुलगा ३४ वर्षांचा. दोघांच्या वेळांची बेरीज ४ तास ५९ मिनिटं २२ सेकंद भरली आणि बाप-लेकाच्या जोडीचा विक्रम म्हणून गिनेस बुकात तिची नोंद झाली. बातमीचा मथळा वाचून कुणालाही वाटेल की मुलाने वडिलांना सांभाळून नेलं असणार. प्रत्यक्षात वडील २ तास २७ मिनिटं ५२ सेकंदांत पोचले आणि चिरंजीव त्यांच्या मागून साडेतीन मिनिटांनी आले. हे टॉमी १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावलेले गृहस्थ, तेव्हा आपल्या घरातल्या बाबांशी त्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. पण त्या विक्रमातली एक बाब सहसा कुणी लक्षात घेत नाही. ते दोघं बरोबर धावलेच नाहीत. एकाच रस्त्यावर, एकाच सकाळी, जो तो आपापल्या वेगाने धावला.

सोबत धावणं म्हणजे खांद्याला खांदा लावून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. हा अगदी वेगळा आणि माझ्या मते जास्त अवघड खेळ आहे.

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. जानेवारीतल्या त्या रविवारी पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर उभं राहिलं की अशा जोड्या हमखास दिसतात. मुलगी दोन-तीन वर्षं दहा किलोमीटर, मग हाफ मॅरेथॉन करत आलेली असते. तिला आणायला-सोडायला येता येता आईलाही एक दिवस बूट घ्यावेसे वाटतात. किंवा उलट: बाबा निवृत्त झाल्यावर सोसायटीच्या ग्रुपबरोबर धावायला लागतात आणि लॅपटॉपला चिकटलेल्या मुलाला घरातून ओढून काढतात. मग कधीतरी जेवणाच्या टेबलावर ठराव होतो की पहिली फुल मॅरेथॉन दोघांनी मिळून करायची. ठराव उत्तम. पण नोंदणीचे पैसे भरण्याआधी थोडं गणित मांडून बघावं.

धावताना शरीर किती प्राणवायू वापरतं, यावरून श्रम मोजतात. सपाट रस्त्यावर एका किलोमीटरला आठ मिनिटं या वेगाने धावायला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे मिनिटाला साधारण साडेअठ्ठावीस मिलिलिटर प्राणवायू लागतो. ही मागणी रस्ता आणि वेग ठरवतात. धावणाऱ्याचं वय त्यात येत नाही. वय येतं ते पुरवठ्यात. जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरता येतो, त्या आकड्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात. आता सत्तावीस वर्षांची, बऱ्यापैकी सराव असलेली मुलगी घ्या. तिचा आकडा ४५ धरू. सत्तावन्न वर्षांच्या तिच्या आईचा ३५ धरू. त्या वयाला हा आकडा उत्तमच म्हणायचा. आठ मिनिटांच्या पेसने मुलगी तिच्या क्षमतेच्या ६३ टक्क्यांवर धावते आहे, गप्पा मारत. आई त्याच क्षणी, तिच्या शेजारीच, ८१ टक्क्यांवर आहे.

एक्याऐंशी टक्के दहा किलोमीटर रेटता येतील. साडेपाच तास नाही. इतका वेळ चालणाऱ्या श्रमासाठी हौशी धावपटूला सत्तर टक्क्यांच्या आसपासच राहावं लागतं. आईसाठी सत्तर टक्के म्हणजे हिशेबाने किलोमीटरला सुमारे साडेनऊ मिनिटं, आणि पूर्ण अंतराला सहा तास चाळीस मिनिटं. त्या वेगाला मुलगी जेमतेम ५४ टक्क्यांवर येते. म्हणजे दोघींपैकी कुणीतरी आपला स्वाभाविक वेग सोडणार, आणि तो मुलीने सोडायचा. यात त्याग वगैरे काही नाही. ५४ टक्क्यांवर धावणाऱ्याचं फार तर कंटाळून बिघडतं, ८१ टक्क्यांवरच्याचं तिसाव्या किलोमीटरला सगळंच बिघडतं.

हृदयाच्या ठोक्यांचंही असंच. कमाल ठोके काढायला २२० मधून वय वजा करण्याची जुनी रीत आहे. २००१ पासून रूढ झालेलं सूत्र जरा बरं: वयाचे ७० टक्के २०८ मधून वजा करायचे. मुलीचे १८९ येतात, आईचे १६८. मनगटावरच्या घड्याळांवर मात्र दोघींचा आकडा १४० दिसला की ‘आपण सारख्याच दमलोय’ असं वाटतं. मुलीसाठी १४० म्हणजे आरामाचा रविवार, आईसाठी ती परीक्षा असते. शिवाय ही सूत्रं सरासरीची आहेत, एखाद्या माणसाच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. आणि आई किंवा बाबा रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी घेत असतील तर घड्याळ गुंडाळून ठेवलेलंच बरं, कारण ती गोळी ठोके मुद्दामच खाली ठेवते. तिथे बोलण्याची कसोटी खरी. पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येतंय का?

मरीन ड्राइव्हवर रविवारच्या लाँग रनला येणारी एक दादरची माय-लेकीची जोडी माझ्या पाहण्यात होती. आई शाळेतून निवृत्त झालेल्या. पहिल्या आठ-दहा किलोमीटरमध्ये त्यांच्या तोंडी अख्खी सोसायटी यायची: पाण्याची टाकी, सेक्रेटरी, कुणाच्या मुलाचं जमलं. मग हळूहळू वाक्यं तुटायची, ‘हं’ आणि ‘हो ना’ उरायचे. आणि त्यानंतर ते ठरलेलं वाक्य: “तू हो पुढे, मी येते मागून.” लेक सुरुवातीला ते शब्दशः घेऊन खरोखरच पुढे व्हायची. पुढे पुढे तिला कळलं की आईच्या भाषेत या वाक्याचा अर्थ वेग जास्त झालाय एवढाच असतो. मग ती काही न बोलता चालायला लागायची, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायची, पाणी प्यायची. दोन मिनिटांत टाकीचा विषय परत सुरू. महागड्या घड्याळापेक्षा ही पद्धत अचूक होती, असं मी छातीठोकपणे सांगेन.

वयाने नेमकं काय कमी होतं? तिशीनंतर व्यायाम न करणाऱ्या माणसाचा व्हीओटू मॅक्स दर दशकात साधारण दहा टक्क्यांनी उतरतो. जोरकस सराव टिकवणाऱ्यांचा उतार बराच मंद असतो. कमाल ठोके घटतात, त्यावर सरावाचाही फारसा इलाज नाही. स्नायूंमधले झटपट आकुंचन पावणारे तंतू आधी झिजतात, म्हणून साठीतला माणूस तास-तासभर धावतो पण बस पकडायला धावताना अडखळतो. पोटरीचे स्नायू आणि टाचेमागची शीर लवकर कुरकुरतात. झीज भरून यायला वेळ लागतो: मुलगी रविवारी पंचवीस किलोमीटर धावून मंगळवारी परत जोरात धावू शकते, आईला गुरुवार उजाडतो. पण एक गोष्ट फारशी उतरत नाही, ती म्हणजे काटकसर. नियमित धावणाऱ्या ज्येष्ठांना एका ठरावीक वेगाला तरुणांइतकीच ऊर्जा लागते, असं मोजमापांत आढळलं आहे. इंजिन लहान होतं, मायलेज टिकतं.

टोकाची उदाहरणं बघायची तर कॅनडातले एड व्हिटलॉक २००४ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत मॅरेथॉन धावले. फौजा सिंग यांनी तर पहिली मॅरेथॉनच लंडनला २००० साली, ८९ व्या वर्षी केली. आणि आपल्याकडचं म्हणाल तर मिलिंद सोमण यांच्या आई उषा सोमण २०१६ मध्ये महाराष्ट्रातल्या रस्त्यावर मुलाबरोबर साडीत, अनवाणी धावल्या. तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. ती चित्रफीत घरोघरी फिरली. त्यानंतर किती मुलांनी आपल्या आयांना “बघ, त्या बघ” म्हणून छळलं असेल कोण जाणे! उषाताई त्याआधी अनेक वर्षं डोंगरदऱ्यांत चालत होत्या, हे चित्रफितीत दिसत नाही.

आई-मुलगा या जोडीत एक गंमत आणखी आहे. अमेरिकेतल्या १४ मॅरेथॉनमधले सुमारे ९२ हजार निकाल तपासले तेव्हा दिसलं की उत्तरार्धात पुरुषांचा वेग सरासरी १५.६ टक्क्यांनी पडला, बायकांचा ११.७ टक्क्यांनी. कारणं शरीराची आणि स्वभावाची, दोन्ही असावीत: दीर्घ श्रमात बायकांचं शरीर चरबीचं इंधन थोडं जास्त वापरतं, आणि सुरुवातीला हुरळून सुसाट सुटण्याचा मोह पुरुषांना जास्त. त्यामुळे एकविसाव्या किलोमीटरपर्यंत आईला “चल गं, चल गं” करणारा पंचविशीतला मुलगा पस्तिसाव्याला तिच्या मागे लंगडताना दिसला तर आश्चर्य नको. पेस आईच्या हाती द्यावी याचं हे दुसरं कारण, आणि मला विचाराल तर पहिल्याइतकंच वजनदार.

सरावाचं सांगायचं तर दोघांनी रोज एकत्र धावावं असं मुळीच नाही. आठवड्यातले मधले दिवस ज्याचे त्याचे. मुलाने त्याच्या वेगाचा सराव करावा, बाबांनी त्यांचा. एकत्र यायचं ते रविवारच्या लाँग रनला, कारण एकमेकांच्या लयीची, खाण्यापिण्याची, चिडचिडीची ओळख तिथेच होते. पहिल्या फुल मॅरेथॉनसाठी चार ते पाच महिने लागतात, तेही आधी हाफ सहज होत असेल तर. पन्नाशीपुढच्यांनी दर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अंतर कमी करून शरीराला उसंत द्यावी. आणि आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता उठबस, पायरीवर टाचा वर-खाली, एका पायावर तोल. पाळी गेल्यानंतर बायकांच्या हाडांची घनता वेगाने कमी होते, त्यामुळे आईसाठी हा व्यायाम धावण्याइतकाच महत्त्वाचा. हिमोग्लोबिन, ड आणि ब-१२ जीवनसत्त्व सुरुवातीलाच तपासून घ्यावं. आपल्याकडे यातलं काहीतरी कमी निघण्याची शक्यता दांडगी. खोकताना-धावताना लघवी थेंबभर निसटते, ही तक्रार अनेक बायका लेकीलाही सांगत नाहीत आणि गुपचूप धावणं सोडून देतात. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट असतात आणि बहुतेकींना त्याने फरक पडतो.

मध्ये मध्ये चालणं ही हार आहे, असं आपल्याकडच्या धावपटू बाबांना पक्कं वाटतं. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी ठरवून धाव-चाल करण्याची पद्धत लोकप्रिय केली. दोन-तीन मिनिटं धावायचं, मिनिटभर चालायचं, आणि हे दमल्यावर नाही तर पहिल्या किलोमीटरपासून. जर्मनीत एका मॅरेथॉनमध्ये याची चाचणी झाली. सलग धावणारे आणि धाव-चाल करणारे यांच्या वेळेत फार अंतर पडलं नाही, मात्र दुसऱ्या गटाचं अंग कमी दुखलं. जोडीसाठी या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे: चालण्याची वेळ घड्याळ ठरवतं. “माझ्यामुळे तुला थांबावं लागतंय” हे वाक्य उच्चारायला जागाच राहत नाही.

गुडघ्यांचा प्रश्न नातेवाईक विचारणारच. “या वयात गुडघे खराब होतील” ही भविष्यवाणी लग्नाच्या पंगतीपासून लिफ्टपर्यंत सगळीकडे ऐकू येते. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली. त्यात हौशी धावपटूंमध्ये गुडघा आणि खुब्याच्या सांधेदुखीचं, म्हणजे ऑस्टिओआर्थरायटिसचं प्रमाण ३.५ टक्के, न धावणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के, आणि स्पर्धात्मक पातळीवर वर्षानुवर्षं धावणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के आढळलं. यातून धावण्याने गुडघे सुधारतात असं सिद्ध होत नाही. ज्यांचे गुडघे बरे तेच धावत राहतात, हाही भाग असेल. पण बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यावर गुडघे सुरक्षित राहतात या समजुतीला मात्र आधार उरत नाही. आधीच झिजलेला, सुजणारा गुडघा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ऑर्थोपेडिक डॉक्टरांचं ऐकावं.

या सगळ्या खटाटोपाचा खरा लाभ शर्यतीच्या आधीच पदरात पडतो, असं मानायला चांगला पुरावा आहे. लंडन मॅरेथॉनला २०१६ आणि २०१७ मध्ये पहिल्यांदाच उतरलेल्या १३८ जणांना संशोधकांनी सराव सुरू होण्याआधी आणि शर्यतीनंतर तपासलं. सहा महिन्यांच्या सरावाने वरचा रक्तदाब सरासरी ४ आणि खालचा ३ अंकांनी उतरला, आणि महारोहिणीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची लवचिकता सुमारे चार वर्षांनी तरुण रक्तवाहिनीसारखी झाली. हे लोक आठवड्याला फार धावत नव्हते. त्यांना सुचवलेला सराव दहा ते वीस किलोमीटरच्या घरातला होता. आणि सर्वांत जास्त फायदा कुणाला? वयाने मोठे, वेगाने मंद, रक्तदाब थोडा चढा असलेल्या पुरुषांना. म्हणजे थेट आपल्या बाबांनाच.

पण त्याच बाबांची काळजीही जास्त. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात हाफ आणि फुल मॅरेथॉन धावलेल्या १ कोटी ९ लाख लोकांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. त्यात ५९ जणांचं हृदय बंद पडलं, ४२ दगावले. फुल मॅरेथॉनमध्ये हे प्रमाण लाखात एक, हाफमध्ये त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. बळी पडलेले बहुतेक पुरुष. आकडा लहान आहे, भीती बाळगण्याएवढा नाही. पण कारणं बघा: एक, हृदयाचा स्नायू जन्मतःच जाड असणं, आणि दोन, हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेला अडथळा. पहिलं तरुणाच्याही छातीत लपलेलं असू शकतं. म्हणून चाळिशीपुढच्यांची टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवरची हृदयतपासणी करून घेताना मुलाने स्वतःचा ईसीजीही काढावा, आणि घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर ते डॉक्टरांना सांगावं. टीएमटी नॉर्मल आली म्हणजे विमा उतरला असंही नाही. धावताना छातीत जड वाटणं, कळ जबड्याकडे किंवा हाताकडे जाणं, रोजच्या वेगाला न येणारा दम लागणं, डोळ्यांपुढे अंधारी: यातलं काहीही झालं की थांबायचं. “गॅस झाला असेल” या निदानाने महाराष्ट्रातल्या किती घरांत उशीर झाला असेल! मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांमुळे लांब धावताना साखर धाडकन उतरू शकते, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे पाणी-मिठाचं गणित बिघडतं. पहाटेचा डोस कसा घ्यायचा हे ग्रुपवर विचारू नये, डॉक्टरांना विचारावं.

आता प्रत्यक्ष शर्यत. मोठ्या स्पर्धांमध्ये आधीच्या वेळेनुसार धावपटूंचे कप्पे पाडलेले असतात. जलद कप्प्यातल्याला मागच्या कप्प्यात जायला सहसा परवानगी असते, उलट नाही. तेव्हा मुलीने आईच्या कप्प्यात यावं. स्पर्धेची कट-ऑफ वेळ किती, मध्ये कुठे कुठे रस्ता बंद करतात, हे वाचून त्यावरून उलटा हिशेब करावा. आपलं गणित सहा तास चाळीसचं आहे आणि कट-ऑफ त्याच्या अलीकडची असेल तर वर्षभर थांबून सराव वाढवणं शहाणपणाचं. मुंबईत बसला लोंबकळून दहा मिनिटं वाचवता येतात, कट-ऑफ तशी गाठता येत नाही.

मुंबईचा मार्ग जोडीने धावणाऱ्यांची चांगलीच परीक्षा पाहतो. पहाटेच्या अंधारात मरीन ड्राइव्ह, गार वारा, ढोल-ताशे. इथे सगळेच जोरात सुटतात. सी लिंकवर सूर्य वर येतो. माहीमच्या बाजूने परत फिरलं की ऊन आणि दमट हवा दोन्ही अंगावर. आणि शेवटच्या टप्प्यात, पस्तीस किलोमीटरच्या आसपास, जाताना लीलया चढलेला पेडर रोडचा चढ पुन्हा समोर येतो. तो धावत चढण्याचा हट्ट पहिल्या मॅरेथॉनला तरी धरू नये. दोघांनी चालत चढावा, दोन्ही बाजूंच्या लोकांनी कितीही टाळ्या वाजवल्या तरी.

इंधनाचा हिशेब असा. एक किलो वजन एक किलोमीटर न्यायला साधारण एक किलोकॅलरी लागते. पंचावन्न किलोच्या आईला पूर्ण अंतराला २३०० च्या आसपास लागतील. स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर सरासरी माणसात १६०० ते २००० किलोकॅलरींची. लहान चणीच्या बाईत त्याहून कमी. उरलेलं चरबीतून येतं, पण क्षमतेच्या वरच्या टक्क्यांवर धावणाऱ्याची साखर भराभर संपते. म्हणून तिसाव्या किलोमीटरच्या पुढे ‘वॉल’ लागते, पाय शिशाचे होतात, डोकं चिडचिडं होतं. शेजारी धावणाऱ्या मुलीला हे लागेलच असं नाही, कारण ती ५४ टक्क्यांवर आहे. तिला येतील ते फोड, कारण तिच्या तळव्यांना साडेसहा तासांची सवयच नाही. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, पहिल्या तासापासूनच. जेलची पाकिटं आईला सहसा आवडत नाहीत. दात लावून फाडायची, हात चिकट, चव औषधी. काही बिघडत नाही. एक मध्यम केळं पंचवीस ग्रॅमच्या आसपास देतं, चार-पाच साधे खजूरही तेवढंच. चिक्की चावताना दम लागतो, म्हणून ती लहान तुकड्यांत. जे खायचं ते लाँग रनला खाऊन पाहिलेलं असावं. रस्त्यात कुणी प्रेमाने पुढे केलेला वडा घेऊ नये.

पाण्याबाबत मुलं आई-बाबांवर फार जुलूम करतात. “पाणी पी, पाणी पी” हा घोष पहिल्या स्टेशनापासून सुरू. वय वाढलं की तहान उशिरा जाणवते हे खरं, पण जास्तीचं पाणी बाहेर टाकायलाही मूत्रपिंडाला वेळ लागतो. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीच्या खाली गेलेलं होतं. यात अडकले ते वाटेत पाणी पिऊन वजन वाढलेले आणि चार तासांहून जास्त वेळ घेणारे. आपली जोडी तर हमखास चार तासांच्या पलीकडची. मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, गोंधळल्यासारखं बोलणं ही लक्षणं. नेमकी हीच बघून माणसं आणखी पाणी पाजतात. सोपा उपाय म्हणजे सरावाच्या काळात लाँग रनआधी आणि नंतर वजन करणं. एक किलो घटलं तर साधारण एक लिटर घाम गेला आणि भरला गेला नाही. वजन वाढलं असेल तर पिणं जास्त झालं. तहानेप्रमाणे घोट घोट प्यावं, अधूनमधून ओआरएस किंवा मीठ लावलेली संत्र्याची फोड घ्यावी. आणि शर्यतीच्या दिवशी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊन उतरू नये; ती मूत्रपिंडावर ताण आणते आणि सोडियमचा घोळ वाढवते.

एक बोलणं मात्र घरीच व्हायला हवं, आदल्या रात्री नाही तर महिनाभर आधी: एकाला थांबावं लागलं तर दुसऱ्याने काय करायचं? प्रकृतीचा प्रश्न असेल तर दोघांनीही थांबायचं, यावर वाद नको. नुसताच वेग पडला असेल, पाय आखडला असेल, तर आई “जा” म्हणते तेव्हा तिला खरंच तसं म्हणायचंय का, हे ठरवण्याची खूण आधीच ठरवून ठेवावी. दादरच्या त्या माय-लेकींनी ठरवलं होतं की आईने तीनदा सांगितलं तरच लेकीने जायचं. कुठल्या तरी अमेरिकी पुस्तकात याहून शास्त्रशुद्ध पद्धत असेल, मला हीच पटते. फोन दोघांकडे हवेत, आणि छातीवरच्या क्रमांकाच्या, म्हणजे बिबच्या मागच्या बाजूला रक्तगट, औषधं, घरचा नंबर लिहिलेला.

सोबत धावण्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बॉस्टनजवळच्या डिक आणि रिक हॉइट यांचं. रिकला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. १९७७ मध्ये त्याने वडिलांकडे पाच मैलांच्या एका मदतनिधी शर्यतीत उतरण्याचा हट्ट धरला, आणि तोवर धावपटू नसलेले डिक त्याची चाकाची खुर्ची ढकलत धावले. पुढे दोघांनी ३२ वेळा बॉस्टन मॅरेथॉन केली. १९९२ मध्ये खुर्ची ढकलत २ तास ४० मिनिटं ४७ सेकंद ही वेळ दिली. ती सुटी एकट्याने धावूनही शेकड्यांत एखाद्याला जमेल. तिथे वेग बापाचा होता आणि इच्छा मुलाची. आपल्याकडच्या जोड्यांतही बहुतेकदा तसंच असतं. इच्छा मुलाची असली तरी ती आईचीही आहे का, हे एकदा नीट विचारून घ्यावं. मुलाने वाढदिवसाची भेट म्हणून परस्पर भरलेली फी हा सरावाचा चांगला आरंभ नव्हे.

शर्यतीनंतरचं थोडं. अंगदुखी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचते, जिना उतरणं चढण्यापेक्षा अवघड जातं. मुलगी दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत होईल, आईला चार-पाच लागतील, आणि तेवढ्यात लेकीने पुढच्या शर्यतीचे फॉर्म घरात आणू नयेत. शर्यतीनंतरच्या आठवड्यात बाबांची वार्षिक तपासणी ठरलेली असेल तर ती पुढे ढकला. मॅरेथॉननंतर बहुतेकांच्या रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं सापडतं, तेच द्रव्य ज्यावरून हृदयविकाराचा झटका ओळखतात. स्नायूंमधलं सीके हे एन्झाइम आणि क्रिएटिनिनही चढलेलं असतं. काही दिवसांत आकडे आपोआप खाली येतात. छातीत दुखत असेल तर अर्थातच थांबायचं नाही, तडक रुग्णालय गाठायचं. तिथल्या डॉक्टरांना मात्र पहिलं वाक्य हेच सांगायचं की बाबा परवाच ४२ किलोमीटर धावून आलेत.